कोरडभात कुठून आला

सांगू की नको, सांगू की नको, असं करता करता माझा चहा दोनदा निवला. पण आता तुम्हीच विषय काढलात, आणि सासूबाईही शेजारी वाती वळायला गेल्या आहेत, तेव्हा एकदाचं सांगून टाकते. दवनीवाड्यापासून गोंदियाच्या टेसनापर्यंत हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी तो शब्द आहे ना, ‘कोरडभात’? तो माझ्यामुळे झाला.

हसू नका! लोक विहिरी बांधतात, धर्मशाळा बांधतात, तेव्हा कुठे त्यांच्या मागे काही उरतं. मी लग्न होऊन सात महिन्यांत एक अख्खा शब्द जगाला दिला. तोही नुसती चूल ते ओसरी अशी धावाधाव करून!

पण त्याआधी माझ्या कानांबद्दल सांगायला हवं. सगळा घात त्यांनीच केला.

मी वर्धेकडची. वडील रेल्वेत तारमास्तर. आमची खोली टेसनाला लागूनच, त्यामुळे अंगाईच्या आधी माझ्या कानावर तारयंत्राची कटकट पडली. पुढे पुढे मी अंगणात सागरगोटे खेळता खेळता नुसत्या आवाजावरून सांगायची, "बाबा, मालगाडी सुटली वाटतं तिकडून." बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पोरीचा कान तयार आहे हो!" कौतुक फार वाईट. ज्या गोष्टीचं कौतुक होतं ना, तीच माणसाला एक दिवस चव्हाट्यावर नेऊन उभी करते.

सासर मिळालं धानाच्या मुलखातलं. घरात मामंजी, सासूबाई, भासरे म्हणजे यांचे थोरले भाऊ, जाऊबाई, आणि धाकटी नणंद गोदी. मर्यादा कडक. मामंजींसमोर पदर हनुवटीपर्यंत. भासऱ्यांच्या तर वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. दोघंही सुनांशी एक शब्द बोलत नसत, आणि आम्ही त्यांच्याशी बोलायचा प्रश्नच नव्हता. आणि आमचे हे? आईबापांसमोर बायकोला हाक मारणारा माणूस त्या गावात अजून जन्मायचा होता.

मग एवढी माणसं एका घरात वावरायची कशी? एकमेकांवर आदळत नसतील?

नाही आदळत. कारण पुरुष खाकरतात!

पुरुषमाणूस आत येण्याआधी घसा साफ करणार. तो आवाज आला की सुनांनी हातातलं काम तसंच घेऊन आड व्हायचं. एवढाच नियम. पण मी पडले तारमास्तरची मुलगी. मला त्या खाकरण्यात अख्खी भाषा ऐकू यायला लागली. मामंजी फाटकाशी एकदा खाकरले की ‘मी आलो’. ओसरीवर बसून दोनदा खाकरले की ‘पाणी’. भासऱ्यांचं तोंडातल्या तोंडात ‘ख्खं’ म्हणजे ‘मला विहिरीकडे जायचं आहे, वाट सोडा’. महिन्याभरात मी इतकी तयार झाले, की मामंजींचा दुसरा खाकर संपायच्या आत पाण्याचा लोटा उंबऱ्यावर हजर!

सासूबाई विहिरीवरच्या बायांना सांगत, "माही नवी सून बोलत काहीच नाई, पन कान कसा आहे तिचा! हरनीवानी."

पाहा, पुन्हा कौतुक.

आता गोदीचं ऐका. गोदी सोळाची. जीभ भलती तिखट, पण मनानं चांगली. या घरात माझ्याशी पहिल्या दिवसापासून बोलणारी ती एकटीच. तिला दोन स्थळं येऊन गेली होती. एक म्हणालं पोरगी सावळी आहे, दुसरं म्हणालं पोरगी हसते फार. तिसरं आलं तेव्हा मात्र तिचं हसणं बंद झालं. का? तर तो मुलगा तिनं पाहिला होता. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, जत्राच म्हणा ना, तशा एका मंडईत. कोणाच्या तरी धक्क्यानं एका म्हातारीची शेंगदाण्याची टोपली उलटली. सगळे हसून पुढे गेले, आणि हा एक शाळामास्तर धुळीत उकिडवा बसून दाणे वेचत राहिला.

"सगळे वेचले वं वयनी," गोदी मला तांदूळ निवडताना म्हणाली. "एकबी सोडला नाई. मी दोन डावा बांगड्याच्या दुकानातून पाहून आली, तरी वेचूनच राहिला होता."

"मग?"

"मग काय मग? करीन तं त्यालेच करीन. हेबी स्थळ गेलं ना, तं मी कचारगडाच्या गुहेत जाऊन बसन."

मुलगा असा शांत, पण त्याचे वडील! मनीरामजी. त्यांचा राग चार गावांत माहीत होता. एका लग्नात मानाचं पान उशिरा आलं म्हणून भरल्या पंगतीतून उठून त्यांनी गाडी जुंपली होती म्हणे. तेव्हा सासूबाईंनी आठ दिवस आधीपासून घर सारवून काढलं. मला बजावलं, "पाव्हन्यात काही उनं पडू देजो नको वं. मानूस तिखट आहे."

पूस महिना, कडाक्याची थंडी. मनीरामजी आले, सोबत दोन माणसं घेऊन. (त्या दोघांचं या गोष्टीत काम एवढंच, की तेही उपाशी राहिले.) गोदीला पाहणं झालं. तिनं पानसुपारी दिली, पाया पडली, एकदाही हसली नाही. मनीरामजी "बरं बरं" म्हणाले. आता राहिली पंगत.

जाऊबाई बाळंतपणाला माहेरी. गोदीला वाढायला पाठवता येत नाही, तिलाच पाहायला आलेले. सासूबाई कढईपुढे, वडे तळताहेत. राहिलं कोण? मी!

ओसरीवर पळसाच्या पत्रावळी मांडल्या. एका बाजूला मनीरामजी आणि ते दोघं, समोर मामंजी, भासरे आणि आमचे हे. माझा पदर हनुवटीपर्यंत, त्यामुळे मला दिसत होत्या फक्त पत्रावळी आणि गुडघे. मीठ वाढलं, चटणी वाढली, नव्या धानाचा वाफाळता भात वाढला. मनीरामजींनी भाताच्या ढिगात मधोमध छान खड्डा केला, वरणासाठी. मी आत जाऊन वरणाचं गंज, म्हणजे पातेलं, घेतलं, पळी घेतली, आणि त्यांच्या पत्रावळीपुढे वाकले.

तेवढ्यात मनीरामजी खोकलले.

साधा खोकला हो! थंडीचा. बिडीचा. त्यात कुठली तार आणि कुठला निरोप? पण माझे कान! डोकं काही म्हणायच्या आत पाय वळले. पुरुषमाणूस खाकरला, आड हो! गंज घेऊन मी थेट माजघरात.

आणि आत आल्यावर मी काय विचार केला असेल? ‘आपलं चुकलं’ असा? छे! मी हिशेब लावत बसले. दोनदा झाला आवाज, म्हणजे पाणी! वरण खाली ठेवलं, लोटा भरला, पदरातून हात बाहेर काढून मनीरामजींपुढे ठेवला, पुन्हा आत. किती तत्पर सून!

पुन्हा वरण घेऊन गेले. वाकले. पुन्हा खोकला. मी पुन्हा आत. पुन्हा लोटा.

तिसऱ्यांदा मी दारातूनच अंदाज घेतला, सगळं शांत. भरभर गेले, पळी बुडवली, वर काढली, ती भाताच्या खड्ड्यावर आणली, आणि खों खों खों! पळीतलं वरण गंजात, मी आत.

तुम्ही म्हणाल, एवढी माणसं बसली होती, कोणी एक शब्द बोललं नाही? अहो, बोलणार कोण? मामंजी सुनेशी बोलत नाहीत. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहायचंसुद्धा नाही. हे डोळ्यांनी खुणा करत होते असं नंतर कळलं. पण त्या माझ्या पदरावर आपटून खाली पडत असणार. आणि पाहुण्यांनी दुसऱ्याच्या सुनेला हाक मारायची म्हणजे अब्रह्मण्यम्! सहा पुरुष, सहा पत्रावळी, आणि तोंड उघडायची सोय एकालाही नाही.

मग यांना एक युक्ती सुचली. बायकोला हाक मारता येत नाही, पण खाकरता तर येतं? ‘थांब’ म्हणून हे खाकरले.

झालं! मला वाटलं, हेही उठले. आता तर पळायलाच हवं.

ते पाहून भासरे ‘ख्खं’ करून खाकरले. मला वाटलं, भासरे विहिरीकडे निघाले! ओसरीत उभं राहायची सोयच उरली नाही. शेवटी मामंजींना राहवलं नाही, त्यांनी दोनदा घसा साफ केला. त्यांना म्हणायचं होतं ‘पुरे कर’. मी पाण्याचा लोटा आणून ठेवला. मनीरामजींपुढे तिसरा.

आता ओसरीवर तिघं खाकरत होते. चौथा खरा खोकलत होता. आणि मी आत-बाहेर, आत-बाहेर, जशी मागावरची धोटी.

सासूबाईंना चुलीपाशी एवढं एकच ऐकू येत होतं: पुरुष खोकून राहिले. त्यांनी आपल्या बुद्धीनं अर्थ लावला. मिरच्यांचा धूर ओसरीत जातो आहे! पाहुण्यांना ठसका लागला! म्हणून त्यांनी काय करावं? उठल्या आणि स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. बिचाऱ्या स्वतः धुरात बसल्या, वडे तळत.

म्हणजे मागे दार बंद, पुढे खाकरणारी फौज. मी वरणाचं गंज छातीशी धरून माजघरातल्या धानाच्या ढोलीमागे जाऊन उभी राहिले. तुम्हाला सांगते, ढोली म्हणजे माणसाएवढी उंच कणगीच, मागे कोण आहे ते कोणाला दिसू नये. कोणाला दिसलंही नाही. मीही कोणाला पाहिलं नाही.

तिकडे मनीरामजींनी किती वेळ वाट पाहिली कोण जाणे. मग त्यांनी भातात केलेला तो खड्डा हातानं बुजवला. मीठ-चटणीशी दोन-चार घास कोरडे खाल्ले, लोटाभर पाणी प्यायले आणि उठले. पाहुणा उठल्यावर यजमान कसे बसणार? मामंजीही उठले. हात धुताना मनीरामजी एवढंच म्हणाले, "येतो जी. खबर पाठवीन." आणि गाडी जुंपल्याचा आवाज आला.

माझ्या त्या तयार कानांना गाडीच्या घुंगरांचा अर्थ मात्र बरोबर कळला हो. स्थळ गेलं!

दार उघडलं. सासूबाई डोळे पुसत, वड्यांचं टोपलं घेऊन बाहेर आल्या, तर समोर मी.

"अवं, इथं कायले उभी वं तू?"

"ते खाकरले म्हणून."

"कोन खाकरला?"

"सगळेच."

"आन् हे वरन?"

मी गंजाकडे पाहिलं. काठोकाठ भरलेलं. वर साय धरल्यासारखं झालं होतं.

हे आत आले, आणि सासूबाई वळल्या तेवढ्यात दातओठ खाऊन मला म्हणाले, "अगं, मी थांब म्हणून खाकरत होतो!"

"मग थांब म्हणायचं!"

"बापासमोर? बायकोशी?"

बरोबरच होतं म्हणा ते.

आमच्याकडे रोजीनं येणारी सुमरा होती. पत्रावळी उचलायला म्हणून अंगणात बसली होती, आणि तिनं पहिल्या खोकल्यापासून सगळं पाहिलं होतं. ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला खांबाला धरून उठावं लागलं.

"मायवं! लोट्यावर लोटे पानी आलं जी, आन् पाव्हना आपला कोरडाभात होऊन बसला!"

त्या क्षणी शब्द जन्मला. सुईण सुमरा, आणि आई मी.

सासूबाई रागावल्या नाहीत. त्या नुसत्या चुलीपुढे बसून राहिल्या. ते जास्त वाईट. आणि गोदी? मला वाटलं होतं ओरडेल, भांडेल. ती ताटातले तांदूळ निवडत बसली. खडा नसलेले तांदूळ, पुन्हा पुन्हा.

आठ दिवस गेले, खबर नाही. पंधरा गेले, खबर नाही. पण शब्द? तो कशाला थांबतो! सुमरानं तो खळ्यावर नेला. मी खळ्यावर भाकरी घेऊन गेले, तर धानाच्या भाऱ्यांच्या पुंजण्यापाशी एक बाई दुसरीला म्हणत होती, "दोन पाहर झाले, मालकाचा जेवनाचा पत्ता नाई. आपला तं कोरडाभात करून ठेवला!" मी पदर हनुवटीच्याही खाली ओढला.

पुढच्या हप्त्यात तो बाजारात पोचला. सासूबाईंनी लुगड्याला विचारलं, तर कापडवाला म्हणतो, "माल नागपुरातच अटकला बाई. कोरडभात झाला." पाहा, ‘डा’ चा ‘ड’ झाला. इतक्या तोंडांतून गेला की घासून गुळगुळीत! आता तिथे भातही नव्हता आणि पाहुणाही नव्हता. नुसतं अडकणं उरलं होतं.

मग हे गोंदियाला गिरणीवर धान घालून आले. हात धुता धुता भिंतीकडे तोंड करून, मला ऐकू जाईल असं म्हणाले, "टेसनावर ऐकलं. गाडी बाहेर सिंगलपाशी तास झाला उभी. हमाल म्हणतो, ‘अरे भैया, गाडी तो कोरडभात खडी है.’ "

हिंदीत गेला हो माझा शब्द! मला रडावं की हसावं कळेना.

गोदीनं तेवढ्यात डोकं वर केलं. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी बोलली.

"वयनी, तुहा शब्द माह्या सासरी माह्या आधी पोचते का वं?"

तोवर हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. शब्द मनीरामजींच्या गावाला गेला, आणि कोणी त्यांना सांगितलं की तो पाहुणा म्हणजे तुम्हीच, तर? मानाच्या पानासाठी पंगतीतून उठणारा माणूस! स्थळ तर जाईलच, वर जन्माचं वैर. आणि गोदी? तिनं गुहेचं फक्त म्हटलं होतं, पण तिचा चेहरा पाहून मला आता ती थट्टा वाटेना.

त्या दिवसापासून मी शब्दाच्या मागावर राहिले. कोण बोललं, कुठे बोललं, कोणत्या गावचं. आणि एक दिवस भासरे बैलबाजारातून आले. मनीरामजींच्या गावापासून कोसभरावर भरतो तो बाजार. भासरे ओसरीवर सासूबाईंना सांगत होते, मी दाराआड.

"जोडी पाहिली माय. एक बैल तं असा गरीब! मानेवर हात ठेवा, शेपूट पिळा, जागचा हलत नाई. धनी म्हनते, ‘घ्या जी डोरे झाकून, एकदम कोरडभात आहे.’ "

पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच. कोसभरावर आला! मग सावकाश डोक्यात शिरलं. बैल कोरडभात. म्हणजे अडलेला नव्हे, रखडलेला नव्हे. गरीब. शांत. कुरकुर न करता उभा राहणारा. सिंगलपाशी उभ्या गाडीतून माझा शब्द उतरला होता, आणि बैल होऊन पुढे चालू लागला होता.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी, न कळवता, मनीरामजींची गाडी आमच्या फाटकाशी उभी राहिली.

घरात काय धांदल उडाली असेल त्याची कल्पना करा. मामंजींच्या हाताला पगडी लागेना. जाऊबाई अजून माहेरी, वाढायला पुन्हा मीच. सासूबाईंनी मला हाताला धरून देव्हाऱ्यापाशी नेलं. मला वाटलं शपथ घालतात. तर त्यांनी माझ्या माहेरून वातींसाठी आलेला कापूस काढला, दोन बोळे केले, आणि माझ्या दोन्ही कानांत ठासून भरले.

"आता खोकू दे गाव," त्या म्हणाल्या असाव्यात. मला ऐकू कुठे येत होतं?

मी वाढलं. काय सुंदर वाढलं! भात, वरण, तूप, कढी, वडे. मनीरामजींचे गुडघे मधूनमधून गदगदा हलत होते, म्हणजे खोकला होताच. मी हलले नाही. दोन वडे जास्त वाढले. सगळे जेवले, आणि मी माजघरात येऊन, देवाचं नाव घेऊन, कानातला एक बोळा काढला.

पहिला शब्द कानात पडला तो "कोरडभात"!

तोही मनीरामजींच्या आवाजात.

माझ्या शेजारी गोदी उभी होती. तिनं माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली.

"पोराचं का सांगू जी तुम्हाले," मनीरामजी म्हणत होते, "एकदम कोरडभात! चार शब्द बोला, उलटून एक बोलनार नाई. ताटावर उशीर झाला तं हूं नाई का चूं नाई. हा गुन त्याले माह्याकडून नाई भेटला, हे म्याच सांगतो."



"आन् मागच्या टायमाचं," ते पुढे म्हणाले, तेव्हा गोदीनं डोळेच मिटले. "घरी गेलो तं छातीनं धरलं, महिनाभर बाजेवर होतो, म्हनून खबर नाई पाठवली. पन बुढीले त्याच दिवशी सांगतलं, पोट नाई भरलं पन डोरे भरले. मी खोकललो का तुमची सून उभी राहात नाई! असी मर्यादा मी उभ्या जन्मात नाई पाहिली. ज्या घरची सून असी, त्या घरची लेक आमाले पायजे. फोडा सुपारी!"

सुपारी फुटली. गोदी मटकन ढोलीला टेकली आणि, काय सांगू, हसायला लागली. दोन महिन्यांचं साठलेलं हसू! तोंडात पदर कोंबला तरी बाहेर ऐकू गेलं. सासूबाईंचे खांदे हलायला लागले. मामंजींना घाबरून ठसका लागला.

"काऊन जी? हासता काऊन?" मनीरामजींनी विचारलं.

मामंजी सावरून घेत म्हणाले, "काही नाई, काही नाई. तो तुमचा शब्द... कोरडभात... आमच्याकडे नवाच वाटला."

"नवा?" मनीरामजी मांडी ठोकून सावरून बसले. "नवा कसा जी! आमच्या आजाच्या तोंडचा शब्द आहे. भोसल्याच्या फौजेतले शिपाई कमरेले कोरडा भात बांधून जात. तीन-तीन दिवस तेवढ्यावर काढत, पन तोंडातून कुरकुर नाई. तवापासून असा सोशिक मानूस दिसला का त्याले कोरडभात म्हनतात." मग ते दाराकडे पाहून, माझ्या अज्ञानाची कीव करत म्हणाले, "तुमची सून वर्धेकडची. तिले नाई समजनार हे. अजी, मी तं या शब्दाच्या बारशाले जेवलो आहो!"

घरातल्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. भासऱ्यांनीसुद्धा, मर्यादा विसरून.

जेवले होते म्हणे! बारशाला ते होते, हे मात्र खरं. वरण होतं, कढी होती, टोपलंभर वडे होते. वाढणारी तेवढी ढोलीमागे उभी होती.